आठवी जागा

निवडणुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आपल्या चार मतांनी काय होणार?" परवा स्टाफरूममध्ये पुन्हा ते ऐकलं आणि मला विलायतेतला एक मोडीत निघालेला मतदारसंघ आठवला.

वायव्य इंग्लंड. मँचेस्टर, लिव्हरपूल, लँकेशायर, चेशायर, कंब्रिया हा सगळा पट्टा 1999 ते 2020 युरोपियन पार्लमेंटसाठी एकच मतदारसंघ होता. ब्लॅकबर्न, बोल्टन, ओल्डहॅमच्या मुस्लिम वस्त्या यातच. मत माणसाला नव्हे, पक्षाच्या यादीला. मिळालेल्या मतांना एक, दोन, तीनने भागत जायचं, मोठा भागाकार येईल त्याला पुढची जागा. सातवीच्या पोरांनाही जमेल असं गणित.

2009 मध्ये जागा होत्या आठ. काँझर्व्हेटिव्ह यादीतून सज्जाद करीम निवडून आले. आणि आठवी, शेवटची जागा गेली ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या निक ग्रिफिनला, ज्याचं राजकारणच मुसलमानांच्या द्वेषावर चालायचं. दोघे एकाच मतदारसंघाचे प्रतिनिधी!

आता आकडे पाहा. 2004 मध्ये ग्रिफिनच्या पक्षाला सुमारे 1 लाख 35 हजार मतं होती, 2009 मध्ये 1 लाख 32 हजार. म्हणजे घटली. तरी टक्का 6.4 वरून 8 वर गेला, कारण एकूण मतदान 41 टक्क्यांवरून 32 च्या आसपास आलं. (2004 मध्ये तिथे सगळं मतदान पोस्टाने झालं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं.) तो पक्ष वाढला नव्हता, बाकीचे घरी बसले होते. ग्रीन पार्टीची ती जागा सुमारे पाच हजार मतांनी हुकली.

एक सहकारी म्हणाले, मग अशी पद्धतच नको. मला हे पटत नाही. पुण्यात 2017 मध्ये चार नगरसेवकांचे प्रभाग होते, पण प्रत्येक जागेचं मत वेगळं. मोठा गट चारही जागा नेऊ शकतो, वीस टक्केवाल्यांच्या हाती भोपळा. वायव्य इंग्लंडच्या हिशेबात वीस टक्क्यांना एक जागा नक्की होती. ग्रिफिनच्या भीतीने ती पद्धत नाकारली, तर नुकसान आपलंच.

ग्रिफिन 2014 मध्ये पडला, पक्ष दोन टक्क्यांच्याही खाली गेला. हुरळून जाऊ नका, त्याच वेळी यूकेआयपीने तिथे तीन जागा घेतल्या.

मधली सुट्टी संपता संपता ते सहकारी म्हणाले, "यादीत नाव आहे का, ते मोबाईलवर कसं बघायचं?"