परसदारी : दोडक्याचा मांडव

गेल्या महिन्यात आपण पुदिना आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांबद्दल बोललो. तेव्हापासून ओळखीच्या बायका भेटल्या की एकच गोष्ट सांगतात, "कुंड्यांचं ठीक आहे हो, पण आमच्या घरामागे नुसता राडारोडा पडलाय. तिथं काय बाग होणार?" आमच्या घरामागेही अगदी तेच होतं. म्हणून या वेळी आम्ही दोघी जावा आमच्याच परसदाराची हकीकत सांगणार आहोत.

जागा १२ फूट रुंद आणि २० फूट लांब. एका कोपऱ्यात सासऱ्यांनी, म्हणजे अब्बाजींनी लावलेलं कागदी लिंबाचं झाड. बाकी जुन्या न्हाणीघराच्या विटा, मोडकी खाट, रंगाचे डबे. धाकट्या दिरांचं लग्न ठरलं होतं आणि त्यांच्यासाठी तिथं एक खोली काढायची, उरलेल्या जागेवर शहाबादी फरशी घालायची, असा अब्बाजींचा बेत होता. फरशी येऊन पडलीही होती. गवंडी ईदनंतर येतो म्हणाला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अब्बाजींचा इंतेकाल झाला. लग्न पुढे गेलं, गवंड्याला नको म्हणून कळवलं आणि अम्मी इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस. पाहुणे आले, गेले. विसाव्या दिवशी घर शांत झालं, तेव्हा आमच्या लक्षात आलं की अम्मी दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून असतात. जेवण दोन घास. बोलणं नाहीच. पुढच्या दारी सतत येणंजाणं, तिथं त्यांना बसवत नव्हतं. मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारून घेतलं. ते म्हणाले, स्वतःच्या घराच्या आवारात, पडद्यात बसायला काहीच हरकत नाही. मग आम्ही परसदार साफ करायला घेतलं. बाग करायची असं डोक्यात नव्हतं. अम्मींना मोकळ्या हवेत एक बाज टाकता यावी, एवढंच होतं.

राडारोडा काढताना एक धडा मिळाला, तो आधी सांगतो. वरवर झाडून भागत नाही. चुना-सिमेंटचे तुकडे मातीत राहिले की रोपं पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. जिथं लावायचं आहे तेवढीच जागा घ्या, पण ती फूटभर खोल खणा आणि खडे वेचून काढा. आम्ही १० फूट लांब आणि ३ फूट रुंद असे दोनच वाफे केले. तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, मधल्या रोपांपर्यंत हात पोचत नाही. आमची काळी माती पावसात चिकट होते, म्हणून दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि अर्धं घमेलं जाड वाळू मिसळली. शेणखत हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. ताजं शेण घातलंत तर मुळं जळतात.

अब्बाजींनी आणलेली फरशी तशीच रचून ठेवलेली होती. तिला हात लावावा की नाही, आम्हाला कळेना. थोरल्या मुलाने विचारलं, तेव्हा अम्मी एवढंच म्हणाल्या, "पडून राहण्यापेक्षा कामी लावा." मग वाफ्यांच्या कडेला फरशा उभ्या गाडल्या आणि दारापासून लिंबापर्यंत एक पाऊलवाट केली. चिखलातून घसरायची भीती गेली.

पडद्यासाठी शेजारच्या गच्चीच्या बाजूने चार बांबू रोवून मांडव घातला, आडव्या-उभ्या सुतळ्या बांधल्या. ताडपत्रीही चालली असती, पण तिच्याखाली उकडतं. जूनच्या अखेरीस मांडवाखाली दोडक्याच्या बिया टोकल्या. एका आळ्यात तीन बिया, उगवल्यावर सगळ्यात जोमदार एकच वेल ठेवायचा. एका वाफ्यात मेथी आणि कोथिंबीर, दुसऱ्यात रोपवाटिकेतून आणलेली मिरचीची बारा रोपं, दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवून. धणे पेरताना अख्खे टाकू नका. चपलेने हलकेच रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. आठ-दहा दिवसांत उगवतात. मेथी तीन-चार दिवसांतच डोकं वर काढते आणि महिन्याच्या आत भाजीला येते. धीर कमी असलेल्यांनी सुरुवात मेथीनेच करावी.

पाण्याचा प्रश्न आमच्याकडेही आहे. पावसाने ओढ दिली की नळाचं पाणी झाडांना घालवत नाही. आमच्या घरात सात माणसं वुजू करतात. नळ सोडून बदन्याने वुजू करायचं ठरवलं आणि खाली घमेलं ठेवलं. दिवसाकाठी दोन बादल्या पाणी जमू लागलं. त्यात साबण नसतो, त्यामुळे ते थेट वाफ्याला घालता येतं. पाणी वाया घालवू नये ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो, पण बादली भरलेली डोळ्यांनी पाहिली तेव्हा ती खरी उमगली.

सुरुवातीला अम्मी असरच्या नमाजनंतर बाजेवर येऊन बसायच्या. बसायच्या म्हणजे नुसत्या बसायच्या. जुलै सरला. वेल मांडवावर चढला आणि ऑगस्टमध्ये त्याला पिवळी फुलं आली. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत असेल. घोसाळ्याची सकाळी उमलतात, दोडक्याची दिवस कलला की. अम्मी बसायच्या त्याच वेळी त्यांच्या डोक्यावर एकेक फूल उघडायचं. आणि एके दिवशी त्या आपणहून बोलल्या, "नुसतीच गळतायत गं ही. तुमच्या वेलाला काही धरणार नाही."

आम्हालाही तीच भीती होती. पण वेलाला आधी नर फुलं येतात, ती झुपक्याने येतात आणि गळतातच. मादी फूल मागून येतं आणि ते ओळखायला सोपं असतं. त्याच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा दोडका आधीपासूनच असतो. तोवर पाणी कमी करू नका आणि वेल उपटून टाकू नका. हे आम्ही अम्मींना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून मान वर करून एकेक फूल तपासू लागल्या. आठवड्याने मगरिबच्या थोडं आधी त्यांनी हाक मारली. आम्ही दोघी हातातलं काम टाकून धावलो, काय झालं म्हणून. त्या बाजेवर उभ्या होत्या. या वयात! "हे बघा, याच्या मागे आहे," म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली.

मिरचीने मात्र त्रास दिला. दोन रोपांची पानं आक्रसून वाटीसारखी झाली. याला चुरडामुरडा म्हणतात. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो आणि पसरतो. ती दोन रोपं आम्ही उपटून बाहेर टाकली. जीव तुटला, पण ठेवली असती तर बाकीची दहाही गेली असती. उरलेल्यांवर निंबोळी अर्क मारला. ५० ग्रॅम निंबोळी पावडर फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पिळून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालून ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनेही फवारायचं. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. सप्टेंबरमध्ये पहिल्या मिरच्या तोडल्या. अम्मींनी त्यातल्या मूठभर शेजारच्या घरी पाठवायला लावल्या.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात इद्दत संपली. खोलीचा विषय निघणारच होता. धाकट्या दिरांची गरज खोटी नव्हती, वर मजला चढवायला पैसा नव्हता आणि मुलीकडची माणसं किती थांबणार? आम्ही दोघी गप्प होतो. मनातून वाटत होतं की अम्मी नाही म्हणतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं असंही वाटत होतं.

अम्मी म्हणाल्या, "खोली बांधा. त्यांनी ठरवलं होतं ते व्हायला पाहिजे. पण लिंबाला हात लावायचा नाही आणि खोलीचं दार परसदारी उघडलं पाहिजे. येणाऱ्या पोरीलाही बसायला जागा नको का?"

आता १२ बाय १० ची खोली उभी राहतेय. अर्धी जागा गेली, म्हणजे मांडव गेला, एक वाफा गेला. उरल्या जागेत एक वाफा, लिंबू आणि बाज. दोडक्याचा वेल तसाही हिवाळ्यात संपतोच. शेवटचे दोन दोडके वेलावरच वाळू दिले आणि त्यांचं बी राखेत घालून ठेवलंय. नवी भिंत लिंपून झाली की तिच्या कडेने मांडव घालायचा, हे अम्मींनी गवंड्याला आत्ताच बजावलंय. खुंट्या किती उंचीवर मारायच्या तेही त्याच सांगतात.

तुमच्याकडे जागा आहे, पण कशासाठी ठेवायची यावरून घरात ओढाताण असेल, तर पुढचं एवढं करा. आठवडाभर पाहा, कुठल्या भागात पाच-सहा तास ऊन येतं. तेवढाच तुकडा बागेसाठी मागा, पूर्ण जागा मागू नका. वाफ्याआधी बसण्याची जागा ठरवा, कारण जिथं कोणी बसत नाही तिथं झाडं लवकर सुकतात. पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवाल तर पाणी रोज बदला, कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. डासांना तेवढं पुरतं. आणि घरात कोणी दुःखात असेल, तर त्यांना कामाला जुंपू नका. बाज टाका, वेल लावा आणि वाट पाहा.

पुढच्या महिन्यात लिंबाबद्दल. फुलं येतात पण लिंबं धरत नाहीत, ही बऱ्याच जणींची तक्रार आहे. अब्बाजींच्या झाडाने आम्हाला शिकवलेलं सांगू.