पुस्तकाचं नाव काय?
हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याला पहिल्या ईमेलचाच संशय आला होता. गुपचूप पैसे पाठवायला सांगणारा मजकूर त्याला खटकला. पण मग व्हिडिओ कॉलवर वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले आणि शंका विरली. २०२४ च्या सुरुवातीला अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीचे सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर असे १५ व्यवहारांत गेले. पडद्यावरचे ते चेहरे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले होते. त्याच वर्षी जुलैत फेरारीच्या एका अधिकाऱ्याला मुख्य कार्यकारी अधिकारी बेनेदेत्तो विन्या यांच्या नावाने फोन आला. आवाज हुबेहूब, दक्षिण इटलीचा हेलसुद्धा. अधिकाऱ्याने एवढंच विचारलं, की काही दिवसांपूर्वी तुम्ही मला कोणतं पुस्तक सुचवलं होतं? फोन तिथेच बंद झाला. खात्री करून घेण्याची ही युक्ती घरातही चालते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. मुलाच्या आवाजात कुणी रडत पैसे मागितले तर फोन ठेवावा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावावा. एक खुणेचा शब्द ठरवावा, आजी-आजोबांकडूनही तो पाठ करून घ्यावा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावं, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवणं सोपं असतं.