दहा तासांचे अंतर

‘जग जवळ आले आहे’ हे वाक्य आपण वक्तृत्वस्पर्धेत, निबंधात, परीक्षेच्या पेपरातसुद्धा बिनदिक्कत लिहितो. मीही लिहीत असे. गेल्या माघात आजी वारली आणि हे वाक्य एकदा तपासून पाहावे असे वाटले.

माझा थोरला भाऊ लंडनला नोकरीस आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले तर मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. विमान ते साधारण दहा तासांत कापते. येताना तासभर कमी लागतो, कारण त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहत असतो. गंमत अशी की, लातूरहून मुंबई जेमतेम पाचशे किलोमीटर, पण एस.टी.लाही दहा तास लागतात! म्हणजे आम्हांला मुंबई जितकी लांब, तितकेच मुंबईकराला लंडन.

१८६९ साली सुवेझचा कालवा खुला होण्यापूर्वी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात; महिनेच्या महिने लागत. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोचले. आज विमान मध्ये कोठेही उतरत नाही. विज्ञानाची ही करामत मला मान्य आहे.

पण हे दहा तास विमानाचे आहेत, माणसाचे नव्हेत. आजी सोमवारी पहाटे गेली. दादाला फोन लगेच लागला. मात्र रजा मंजूर होण्यात सोमवार गेला. ऐनवेळचे तिकीट उसने पैसे काढून घेतले, तेही मंगळवारचे मिळाले. मुंबईत उतरला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पुढे पहाटेची गाडी. बुधवारी दुपारी तो दारात आला, तेव्हा आमचे सावडून झाले होते.

शिवाय आकाशालाही कुंपणे असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबचा वळसा पडला. नकाशावरचे अंतर तेच, तास मात्र वाढले.

त्या दुपारी ओट्यावर बसलेले एक आप्त म्हणाले, “विमानाला दहा तास लागतात म्हणे, मग हा होता कुठे?” दादाने ऐकले आणि मान खाली घातली. मला वाटते, विमानाच्या वेगाने आपल्याला दिलेली ही नवी शिक्षा आहे. बोटीच्या काळात परदेशी गेलेल्याची वाट कोणी पाहत नसे, म्हणून त्याला दोषही कोणी देत नसे. आता वेळापत्रकातले आकडे सर्वांना पाठ आहेत. रजा, पैसा, तिकीट आणि पुढची एस.टी. मात्र कोणी मोजत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या दूर जातील. कित्येकजण मागे राहतील. मागे राहणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे : येणाऱ्याला ‘उशीर का केलास’ असे विचारण्याआधी त्याच्या हातातली पिशवी घ्या आणि त्याला पाणी द्या. मला त्या दिवशी हे सुचले नाही.