कुंडीतला पालक आणि चमचाभर युरिया

आपला श्रीपूरचा परिसर उसाचा. त्यामुळे युरियाचे पोते अनेक घरांत हाताशी असते. गच्चीवरच्या कुंडीतील पालक, मेथी किंवा हौसेने लावलेले लेट्यूस खुंटले, की त्यातलाच चमचाभर युरिया कुंडीत पडतो. तो टाकण्यापूर्वी थोडे थांबावे.

पानांची वाढ नत्रावर अवलंबून असते, हे खरे. परंतु लहान कुंडीत मुळांना जागा उरली नाही, की ती कडेने वेटोळे घालतात, माती लवकर सुकते आणि रोप आपली वाढ आवरते घेते. जागेची ही उणीव खताने भरून निघत नाही. उलट साठलेल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात.

हिशेब पाहा. पालकाला हेक्टरी 80 किलो नत्र धरले, तर फूटभर व्यासाच्या कुंडीच्या वाट्याला साधारण सव्वा ग्रॅम युरिया येतो. चहाच्या सपाट चमच्यात सुमारे 4 ग्रॅम, म्हणजे त्याच्या तिप्पट मावतो.

जादा नत्र पानांत, विशेषतः देठांत, नायट्रेटच्या रूपाने साठते. ऊन अपुरे असल्यास अधिकच. निरोगी प्रौढांनी ताज्या पालेभाजीला भिण्याचे कारण नाही. मात्र शिजवलेली भाजी तासन् तास बाहेर राहिली, तर जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्यामुळे लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. म्हणून सहा महिने पूर्ण झालेल्या नातवंडाला पालक भरवायचा असेल, तर तो ताजाच शिजवावा व थोडाच द्यावा. उरलेला पुन्हा गरम करून देऊ नये. बाळाचे ओठ निळसर दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

कुंडी किमान 20 सेंटिमीटर खोल व पसरट घ्यावी. रोपे विरळ करावीत, चांगले कुजलेले शेणखत बेताने द्यावे आणि कुंडी उन्हात ठेवावी. भाजी सायंकाळी खुडावी. दिवसभराच्या उन्हात रोपाने बरेचसे नायट्रेट वापरलेले असते. भरलेली कुंडी मात्र स्वतः उचलू नये, घरातल्या तरुण हातांना सांगावे. रोप खुंटलेले दिसले, तर आधी मुळांची जागा पाहावी, मग खताचा विचार करावा.