आग विझवणाऱ्यांना भरपाई नाही

शहरांवरच्या बॉम्बवर्षावाचा विषय निघाला की आपल्या तोंडी आधी हिरोशिमा येतं. त्याच्या पाच महिने आधी, ९ मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर, टोकियोत काही तासांत सुमारे एक लाख माणसं होरपळून, गुदमरून, बुडून मेली. अमेरिकेच्या २७९ बी-२९ विमानांनी सुमिदा नदीकाठच्या आसाकुसा, होंजो, फुकागावा या दाट लाकडी वस्त्यांवर नापाम ओतलं. ही घरं कशी पेटतात, हे आधीच तपासून झालं होतं. युटाच्या वाळवंटात हुबेहूब जपानी घरं उभारून, आत तातामी चटया अंथरून, ती जाळून पाहिली होती. तेव्हा 'चुकून नागरिक मारले गेले' ही सबब इथे चालणार नाही.

त्या रात्री सोसाट्याचा वारा होता. मुलांच्या आणि बायकांच्या डोक्यावर कापूस भरलेली जाड कुंची असे. वरून काही पडलं तर डोकं वाचावं म्हणून घरोघरी ती शिवून घेतलेली. तिच्यावर ठिणगी पडली की आतला कापूस धुमसू लागे. पाठीवर बांधलेल्या तान्ह्या बाळाची कुंची पेटलेली आईला दिसतसुद्धा नसे. कोतोतोई पुलावर दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांच्या दिशेने धावत आले, कारण दोघांनाही पलीकडे सुटका आहे असं वाटत होतं. मधोमध ते अडकले आणि ज्वाळांनी पूलच व्यापला. गावाकडे सुरक्षित पाठवलेली सहावीची कितीतरी मुलं शाळेच्या निरोप समारंभासाठी नेमकी त्याच दिवसांत घरी परतली होती. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

पण ही माणसं वेळीच पळाली का नाहीत? १९४१ मध्ये सुधारलेल्या हवाई संरक्षण कायद्याने सरकारला शहर सोडण्यावर बंदी घालण्याचा अधिकार दिला होता आणि आग विझवणं रहिवाशांचं कर्तव्य ठरवलं होतं. मोडणाऱ्याला शिक्षा होती. म्हणून लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले. नापाम बादलीभर पाण्याने विझत नाही.

युद्धानंतर जपान सरकारने सैनिकांना आणि त्यांच्या वारसांना निवृत्तिवेतन दिलं. हवाई हल्ल्यात हातपाय गमावलेल्यांना, अनाथ झालेल्यांना मात्र तशी भरपाई नाकारली, कारण ते सरकारी नोकरीत नव्हते! ज्यांना कायद्याने आगीसमोर उभं केलं, त्यांना भरपाईच्या वेळी 'तुम्ही आमचे कुणी नाही' म्हणणं हा मला उघड अन्याय वाटतो. टोकियोच्या पीडितांचा दावा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. उलट हल्ल्याची आखणी करणाऱ्या जनरल कर्टिस लमे यांना जपानने १९६४ मध्ये मोठा किताब दिला, जपानचं नवं हवाई दल उभारायला मदत केली म्हणून.

त्या रात्रीची आठवण जपण्याचीही तीच गत: टोकियो महानगर प्रशासनाची शांतता संग्रहालयाची योजना १९९९ मध्ये बासनात गेली. तेव्हा त्या रात्रीतून बाराव्या वर्षी वाचलेले लेखक कात्सुमोतो साओतोमे आणि त्यांचे सहकारी वर्गणी गोळा करू लागले. २००२ मध्ये कोतो विभागात त्यांनी छोटं संग्रहालय उघडलं. साओतोमे २०२२ मध्ये गेले. हल्ल्यातून वाचलेल्यांपैकी उरलेले लोक आता नव्वदीच्या आसपास आहेत आणि भरपाईच्या कायद्यासाठी संसदेकडे अजून हेलपाटे घालत आहेत.