गजर कुणासाठी?

कावासाकी स्टेशनाच्या पश्चिमेला लाझोना नावाचा भला मोठा मॉल आहे. २००६ साली तो उघडला, त्याआधी त्या जागेवर तोशिबाचा कारखाना होता. मॉलमधे बिक कॅमेराचं दुकान आहे. नाव कॅमेऱ्याचं, पण मिळतं सगळं. गजराच्या घड्याळांसमोर उभं राहिलं की माणूस गोंधळून जातो. जपानीत याला म्हणतात 'मेझामाशी-दोकेई', म्हणजे शब्दशः डोळे जागवणारं घड्याळ. सेइकोची एक मालिकाच आहे 'रायडेन' नावाची, म्हणजे मेघगर्जना आणि वीज! खोक्यावर आवाज किती मोठा आहे ते ठळक अक्षरांत. जो तो तेच वाचत असतो.

माझं म्हणणं असं की गजराच्या घड्याळात आवाजाचा मोठेपणा ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी बघायचं ते हे, की यानं कोण उठणार आणि कोण उठायला नको.

आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? गजर ज्यानं लावला तो उठणार. मंडळी, आपल्याकडे असं होतं का? दहावीच्या मुलानं पहाटे पाचचा गजर लावला तर पाच वाजता उठते आई. ती गजर बंद करते, चहा टाकते आणि मग चिरंजीवांना हाका मारायला लागते. बाबांची पहिली पाळी असो नाहीतर ताईची पहाटेची गाडी, गजर कुणाच्याही नावानं लागो, झोप आईचीच मोडते. आणि याची नोंद कुठेच होत नाही.

इथल्या स्वस्त अपार्टमेंटांच्या भिंती इतक्या पातळ असतात की शेजाऱ्याचा गजर आपल्याला उठवतो. शेजारी तक्रार करायला दारात येत नाही, पण जिन्याजवळ 'सकाळच्या आवाजाबद्दल' सगळ्यांना उद्देशून एक अतिशय नम्र सूचना लागते. ती कुणासाठी आहे ते ज्याचं त्याला कळतं. म्हणून उशीखाली ठेवायची थरथरणारी घड्याळं इथे सर्रास मिळतात. मुळात ती ऐकू न येणाऱ्यांसाठी फार उपयोगाची, पण एका खोलीत वेगवेगळ्या वेळी उठणाऱ्यांनाही तितकीच. जपानी रेल्वेनं तर याच्याही पुढची गंमत केली आहे. मुक्कामी झोपणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या गादीखाली हवेची पिशवी असते. ठरल्या वेळी ती फुगते आणि झोपलेल्याची पाठ उचलून धरते. आवाज नाही, काही नाही. पहिली लोकल वेळेवर सुटते आणि बाजूचा माणूस झोपलेला राहतो. घरी एवढा खटाटोप नको, पण घरात दोन वेळापत्रकं असतील तर थरथरणारं घड्याळ घ्या. त्यासाठी जपानला यायची गरज नाही. मनगटावरच्या बऱ्याच डिजिटल पट्ट्या हे काम करतात.

आवाजाचंच घ्यायचं ठरलं तर त्याचा मोठेपणा बाजूला ठेवून सूर बघा. स्वस्त इलेक्ट्रॉनिक घड्याळाची 'टीटीट टीटीट' ही एका पातळ चकतीतून येते आणि साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असते. वय वाढतं तसं कान आधी हेच वरचे सूर गमावतो. आजोबांना तुमचं बोलणं ऐकू येतं पण घड्याळ ऐकू येत नाही, ते सोंग नव्हे. आगीच्या धोक्याच्या घंटांवर ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत यावर बरेच प्रयोग झाले. झोपलेली मुलं आणि म्हातारी माणसं त्या चिरक्या शिट्टीपेक्षा ५२० हर्ट्झच्या खरखरीत, खालच्या सुराला कितीतरी जास्त वेळा जागी होतात असं दिसलं. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमावलीत २०१४ पासून झोपायच्या खोल्यांसाठी हाच सूर आला. तेव्हा आई-बाबांसाठी घड्याळ घेताना दुकानदाराला ते वाजवून दाखवायला सांगा. शिट्टीसारखं वाजलं तर परत द्या, भोंग्यासारखं वाजलं तर ठेवा.

घरी नेण्यावरून आठवलं. इथून भारतात जाणारे पुष्कळ लोक भेट म्हणून 'देन्पा-दोकेई' घेतात, म्हणजे रेडिओ लहरींवरून स्वतःची वेळ स्वतः लावणारं घड्याळ. वस्तू खरोखर सुंदर. फुकुशिमातल्या ओताकादोया डोंगरावरून १९९९ पासून ४० किलोहर्ट्झवर आणि क्युशूतल्या हागाने डोंगरावरून २००१ पासून ६० किलोहर्ट्झवर वेळेचा संदेश अखंड येत असतो. एक पूर्ण संदेश यायला बरोबर एक मिनिट लागतं. (मार्च २०११ च्या अणुअपघातानंतर फुकुशिमाचं केंद्र रिकाम्या करायच्या टापूत सापडलं आणि काही काळ बंद पडलं. तेव्हा या भागातली घड्याळं साध्या क्वार्ट्झसारखी चालत होती. कुणाची लोकल चुकल्याचं ऐकलं नाही.) हा संदेश पुण्या-नाशिकपर्यंत भरवशानं पोचत नाही, आणि चुकून पोचलाच तर घड्याळ जपानची वेळ लावून बसेल, भारतापेक्षा साडेतीन तास पुढे! म्हणजे सहाचा गजर अडीचला. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडे तिकडे होतं. उठण्यासाठी याहून अचूकता कुणाला हवी आहे? भिंतीतल्या विजेवर चालणारं घड्याळ तर मुळीच नेऊ नका. इथे १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०.

आता स्नूझ. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या टेलेक्रॉननं १९५६ साली हे बटण बाजारात आणलं आणि 'पाचच मिनिटं गं आई' या जागतिक विनवणीला यंत्राचं रूप मिळालं. मला ते घातक वगैरे वाटत नाही, फक्त एकट्यानं राहणाऱ्याच्या घड्याळात ते असावं आणि घरात चार माणसं असतील तर नसावं. तुमच्या तीन हप्त्यांच्या उठण्याचे हप्ते दुसरंच कुणीतरी भरत असतं.

आणि फोन? फोनचा गजर फुकट असतो हे खरं. इथे तर तो उशाशी ठेवायला एक सज्जड कारणही आहे. २००७ पासून भूकंपाची आगाऊ सूचना सर्वांसाठी सुरू झाली आणि आता ती फोनवर किंचाळत येते. ते काही सेकंद मोलाचे असतात. म्हणून माझा फोन खोलीतच असतो, पण हात पोचणार नाही अशा कपाटावर, आणि उशाशी घड्याळ असतं. रात्री दोनला वेळ बघण्यासाठी फोन उचलला की माणूस वेळ बघून थांबत नाही. भारतात भूकंपाचं ते कारणही सहसा लागू नाही.

पण खरं सांगायचं तर यातलं कुठलंच घड्याळ एका गरजेला पुरत नाही, आणि ती गरज पुण्यात वाढते आहे. ओइसीडीच्या २०२१ च्या आकड्यांत तुलना केलेल्या ३३ देशांत सगळ्यात कमी झोपणारा देश जपान होता, सरासरी ७ तास २२ मिनिटं. संध्याकाळच्या नांबू लाइनमधे उभ्या उभ्या डुलक्या काढणारे लोक बघितले की हा आकडा मला जास्तच वाटतो. एप्रिल २०१९ पासून इथल्या कायद्यानं कंपन्यांना सांगितलंय की काम संपणं आणि पुन्हा सुरू होणं यात पुरेसं अंतर ठेवण्याचा प्रयत्न करा. प्रयत्न करा, एवढंच! आणि इकडच्या सकाळच्या नऊच्या बैठकीला पुण्यातला जो मुलगा हजर असतो त्याच्याकडे साडेपाच वाजलेले असतात. रात्री अमेरिकेशी बोलून बारा वाजता झोपलेला तो साडेचारचे चार गजर लावतो, आणि त्यातल्या पहिल्यालाच त्याची आई उठते.

तीच बैठक इथल्या अकराला ठेवली तर तिकडे साडेसात होतात. हे पुण्याहून कुणी सुचवत नाही, गिऱ्हाइकाला कसं सांगायचं म्हणून. जपानी सहकारीही विचारत नाहीत, पण त्यांना फरक साडेतीन तासांचा आहे हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. सांगितलं की ते दचकतात, माफी मागतात आणि वेळ बदलतात. माझ्या गटात आता अकराच असतात. इथे बसलेल्या आपल्या लोकांनी हे एक वाक्य बोलायला काय हरकत आहे?