चांदणीची नोट

नोट कशी असते हे नाशिक रोडच्या माणसाला शिकवायला जाऊ नये. इथल्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. आजोबा प्रेसला होते, काका प्रेसमधून निवृत्त झाले, आता पुतण्या लागलाय, अशी घरं गल्लोगल्ली सापडतात. तरीही नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, ती जमिनीत 120 मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला दिसते, हा मेसेज जेल रोडपासून देवळाली गावापर्यंत भक्तिभावाने वाचला गेला. टीव्हीवाल्यांनीही त्यावर कार्यक्रम केले. मग सरकारी इन्कार आला, पण तो कोण फॉरवर्ड करतो?

दोन हजारांची नोट म्हैसूरकडची. आमच्याकडे तेव्हा पाचशेच्या छपाईची धांदल होती. पण भिंतीपलीकडच्या प्रेसवाल्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो बोलला नसता म्हणा. आतलं बाहेर काढायचं नाही, ही शिस्त त्या लोकांच्या हाडात मुरलेली. ज्याला ठाऊक तो गप्प, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्या हातात अख्खा ग्रुप.

जून 2023 मध्ये तर आमच्यावरच आळ आला. छापखान्यांतून निघालेल्या पाचशेच्या 88 हजार कोटी रुपयांच्या नोटा रिझर्व्ह बँकेत पोचल्याच नाहीत, अशी बातमी फिरली. माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांची चुकीची वजाबाकी होती ती. 17 जूनला रिझर्व्ह बँकेने खुलासा केला. महिना-सव्वा महिना जातो न जातो, तोच नंबरात चांदणी असलेली नोट खोटी, असा नवा शोध लागला आणि बँकेला पुन्हा खुलासा करावा लागला.

या चांदणीची गोष्ट मला फार आवडते. छपाईत एखादी नोट सदोष निघाली की ती गेटबाहेर जाऊ देत नाहीत. शंभराच्या पाकिटात तिच्या जागी दुसरी नोट घालतात आणि तिच्या नंबरात, अक्षरं आणि आकडे यांच्या मधोमध, चांदणी टाकतात. लहान नोटांवर हे 2006 पासून, पाचशेवर 2016 च्या अखेरीपासून. म्हणजे चूक इथे पकडली आणि बदलली, याची ती उघड कबुली. नेमक्या त्याच खुणेला लोकांनी खोटेपणाची खूण ठरवलं! मेसेजला असं गेट नसतं. त्यावर नंबर नसतो, सही नसते. असते ती एक ओळ: ‘आला तसा पाठवला.’

नोटांच्या अफवांवर हसता तरी येतं. 1 जुलै 2018 च्या रविवारी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मुलं पळवणारी टोळी आली म्हणून, जमावाने पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेली माणसं होती ती. त्याच रात्री आमच्या जिल्ह्यात, मालेगावात, दोन वर्षांच्या लेकरासह पाच जणांना जमावाने घेरलं. पोलिसांनी त्यांना वाचवलं. जमावाने पोलिसांची गाडी उलटवली. व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात ‘फॉरवर्डेड’ अशी पट्टी लावली आणि भारतापुरती एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. माणसं मेल्यावर बसवलेलं गेट, तेही अर्धवटच.

म्हणून फोन फेकून द्यावा, असं मात्र मी म्हणणार नाही. कोरोनाच्या लाटेतला एप्रिल 2021 मी इथेच काढलाय. 21 तारखेला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन 22 रुग्ण गेले, आणि त्या आठवड्यात फोन हेच शहराचं चौकशी-कार्यालय झालं. ‘दोन बेड आहेत, मी स्वतः फोन करून विचारलंय, दुपारी चारची माहिती आहे,’ असे मेसेज यायचे. खाली नाव, नंबर. बेड भरले की तोच माणूस लिहायचा, ‘आता फोन करू नका.’ ही शेवटची ओळ लिहिणाऱ्याला मी मानतो. इंजेक्शनच्या नावाखाली आगाऊ पैसे उकळणारेही त्याच ग्रुपांत घुसले होते. पण खात्री करून लिहिणाऱ्यांमुळेच पुष्कळांना तेव्हा दवाखान्याचा दरवाजा सापडला.

रोजचा कारभारही असाच चालतो. पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाउन करणारे पासधारक गाडी कुठे अडकलीय ते एकमेकांना कळवतात. लासलगावचा कांद्याचा भाव लिलाव संपायच्या आत बांधावर पोचतो. तिथं खोटं टाकणारा दुसऱ्या दिवशी डब्यात किंवा बाजार समितीत समोर भेटतो, म्हणून जपून लिहितो.

2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने एटीएममध्ये शंभर-दोनशेच्या नोटाही ठेवा, असं बँकांना सांगितलं. त्याचं कानोकानी फिरत ‘मार्च 2026 पासून पाचशेची नोट बंद’ असं झालं. सरकारने ते खोटं असल्याचं सांगितलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र पाचशे आत्ताच संपवाव्यात का, यावर संध्याकाळभर खल चालला होता. निवृत्त प्रेसवाले काका सहसा काही लिहीत नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकच ओळ टाकली, “मग आमचा पुतण्या रोज शिफ्टला काय कॅलेंडरं छापायला जातो का?”

तिघांनी हसरे चेहरे टाकले. चौथ्याने विचारलं, “काका, म्हणजे आतली बातमी काय?”